फोनला हात न लावणारी मुलं

भंडारा जिल्ह्यात कोणी मुद्दाम फिरायला जात नाही. गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला हे स्वतःहून सांगितलं आणि वर विचारलं, "तुम्ही कशाला चाललात?" मी म्हटलं, माल बघायला. ते खोटं नव्हतं. माझेच विकलेले मोबाइल बघायला मी इचलकरंजीहून तिकडे निघालो होतो.

माझा धंदा जुन्या मोबाइलचा. घाऊक घ्यायचे, उघडायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून जे कमावलं ते तोंडाच्या आणि डोळ्याच्या जोरावर. दोन वर्षांपूर्वी एक बाई दुकानात आल्या. नाव रेवती. पुण्याच्या एका विद्यापीठात शिकवतात. व्हिडिओ गेम खेळताना मुलं काय शिकतात, आणि मुख्य म्हणजे वाचायला शिकतात का, हा त्यांचा अभ्यास. गावातल्या मुलांना द्यायला त्यांना जुने फोन हवे होते. मी भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही, उलट विचारलं, "बॅटरी दुपारभर टिकेल ना?" न भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संशय येतो. मी भाव उतरवला आणि अट घातली, की हे फोन जिथे जातील तिथे मला एकदा न्यायचं. त्या चटकन हो म्हणाल्या. त्यानेही माझा संशय वाढला.

संशयाचं कारण जुनं आहे. माझं पहिलं दुकान व्हिडिओ गेमचं होतं. पत्र्याची शेड, चार मशीन, शेजारी यंत्रमागांचा खडखडाट. बरं चाललं होतं. मग एक शिक्षणतज्ज्ञ गावात व्याख्यानाला आले आणि म्हणाले की अशा दुकानांत मुलांची डोकी सडतात. आठवडाभरात आया चपला घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. शटर पडलं ते पडलं. त्या गृहस्थांनी माझ्या दुकानाचा उंबरा एकदाही ओलांडलेला नव्हता. न बघता बोलले. ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा विचारही नाही.

तर असा मी, मुलं, खेळ आणि अभ्यास यांच्यावर पोट भरणाऱ्या एका प्राध्यापक बाईंबरोबर दिवाळी झाल्यावर भंडाऱ्याला उतरलो.

भंडारा

भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही. ते वरठीला आहे आणि शहर तिथून बरंच लांब. रिक्षावाल्याशी माझी पहिली लढाई तिथेच झाली आणि मी ती हरलो, कारण तो भांडलाच नाही. "बसा ना जी काका, तुमाले जे वाटन ते द्या," म्हणाला. मला जे वाटलं ते त्याच्या मागणीपेक्षा जास्त निघालं.

सकाळी चौकात तर्री पोहे खाल्ले. आमच्याकडे मिसळीवर जसा कट, तशी इथे पोह्यांवर तर्री ओततात. काळ्या चण्यांचा लालभडक रस्सा, खाली पोहे, वर कच्चा कांदा. पहिल्या घासाला मला ठसका लागला. कोल्हापूरकडच्या माणसाला तिखटाने ठसका लागावा याची लाज वाटली आणि मी दुसरी प्लेट मागवली.

भंडाऱ्याची पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. एका जुन्या दुकानात पितळी गडवा पाहिला, म्हणजे आपला गडू. जाड, ठोक्याचा, आतून कल्हई केलेला. मी त्यात खोट काढायला सुरुवात केली. काठ वाकडा आहे, बूड हलतंय, वजन काट्यावर करून दाखवा. आवाज चढत गेला. दुकानदार म्हातारा होता, तो मांडी घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "शेठ, तुमी भाव करून राह्यले का भांडून राह्यले जी? भांडत असान तर पाणी आनतो, गळा सुकन."

रेवती मॅडम मागे उभ्या राहून हसत होत्या. गडवा त्याच्या भावाला घेतला. त्यात पाणी खरंच गार राहतं.

आंधळगाव आणि पुढे

दुसऱ्या दिवशी जीप करून मोहाडीच्या दिशेने निघालो. आंधळगावला थांबलो ते कोशासाठी. इथे कोसा रेशीम विणतात. एका घरात एक आजी उकडलेल्या कोशातून तंतू काढत होती. मशीन नाही, चरखा नाही. लुगडं गुडघ्यावर सारून उघड्या मांडीवर तळव्याने तंतू वळत होती. मांडीची ती जागा घासून गुळगुळीत झालेली. मी यंत्रमागाच्या गावचा. आमच्याकडे माग माणसापेक्षा मोठ्याने बोलतो. इथे सगळं घर काम करत होतं आणि अंगणातल्या कोंबडीचं चालणं ऐकू येत होतं. साडीचा भाव करायला तोंड उघडलं, पण त्या मांडीकडे बघून परत मिटलं.

पुढचं गाव करडीच्या बाजूला, नाव सांगत नाही. धानाची कापणी चालू होती. आमच्याकडे जसा ऊस, तसं इथे जिकडे बघावं तिकडे धान. शेताच्या एकेका वाफ्याला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. कापलेलं धान बांधीत ओळीने निजवलेलं, त्याचा वास कोरडा, गोडसर. मुलं जमतात त्या बुद्धविहाराकडे जायला शेतातून जवळची वाट होती. जीपवाला म्हणाला, "रस्त्यानं जा." मी धुऱ्यावरून निघालो आणि चौथ्या पावलाला गुडघ्याएवढ्या चिखलात उतरलो. एक चप्पल आतच राहिली. कापणाऱ्या बाया विळे खाली ठेवून हसल्या.

"काय जी, रोवना करासाठी आले का? लावनी झाली ना आता. आषाढात या."

त्यांच्यातल्याच एकीने कोपरापर्यंत हात घालून चप्पल काढून दिली. ती रंजनाबाई. तिचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावर येणार आहे.

आमचा मुक्काम सुजाताताईंकडे होता. अंगणवाडीत काम करतात. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. घराच्या भिंतीवर बाबासाहेब, आणि त्यांच्याखाली पुस्तकांची एक फळी, धूळ नसलेली. गावच्या बुद्धविहाराच्या दालनात दुपारी शाळा सुटल्यावर मुलं जमतात. मॅडमनी दिलेले फोन तिथेच एका पेटीत राहतात. किल्ली सुजाताताईंच्या कमरेला.

गेम मॅडमनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला. मला तो आवडला, कारण त्यात दुकान आहे. पडद्यावर तुमचा बाजार, समोर गिऱ्हाईक. गिऱ्हाईक बोलत नाही, चिठ्ठी देतं. 'शिंगाडे द्या, उकडलेले, पण साल काढलेले नको.' चिठ्ठी वाचून बरोबर माल द्यायचा. चुकलात की गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जातं. चित्र नाही, आवाज नाही, वाचल्याशिवाय सुटका नाही. चिठ्ठ्यांतले जिन्नस इथल्याच बाजारातले, लाखोरीची डाळ, जवस, बोडीतले झिंगे. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं.

मॅडमची पद्धत बघण्यासारखी होती. त्या मुलांना काही विचारत नाहीत, शिकवत नाहीत. पोरांत मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "मला खेळायला शिकवा." आणि त्यांना खरंच येत नाही. यश नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्यांना शिकवत होता आणि कपाळावर हात मारून घेत होता.

"बाई, तुमी किती हळू करून राह्यल्या. गिऱ्हाईक पळालं ना."

"मग काय करू?"

"फोन असा धरा. आंगठ्यानं. बोटानं नोका."

प्राध्यापक बाई दहा वर्षांच्या मुलाकडून शिव्या खात अंगठा कसा धरायचा ते शिकत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. मला मान्य करावं लागलं, या बाई उंबरा ओलांडतात.

मग त्यांनी चाचणी सुरू केली. आतल्या खोलीत एकेका मुलाला बोलवायचं, एक नवा मजकूर वाचायला द्यायचा, गेल्या वर्षीच्या वाचनाशी ताडून बघायचं. ज्या मुलांच्या नावावर फोन होते त्यांची यादी होती, ती त्या घेत होत्या. मी चिखलाचा पाय धुऊन मागच्या ओट्यावर खिडकीखाली वाळत बसलो. दालनातली मुलं मला विसरली.

तिथून मला जे दिसलं ते मॅडमसमोर दिसलेलं नव्हतं. यश फोन घेऊन बसला. शेजारी रंजनाबाईची पोरगी पायल, त्याच्याच वयाची, दोन्ही हात पाठीमागे बांधून. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली की यश मान फिरवायचा. खरंच, तो चिठ्ठीकडे बघायचाच नाही. पायल वाचायची, "दोन जुड्या मेथी, एक वांगं भरताचं." मग तो माल उचलायचा. अख्ख्या दालनात हाच प्रकार. एक धरणारा, एक वाचणारा. वाचणाऱ्याचे हात मागे.

शेजारी ओट्यावर तुळशीराम नावाचे शेतकरी बिडी ओढत बसले होते. मी विचारलं, हे काय.

"तो नियम मी लावला जी," ते म्हणाले. "फोन कमी, पोट्टे जास्त. रोज मारामारी. मी म्हनलो, नाटकासारखं करा."

इकडच्या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत गावोगाव नाटकं होतात, हे मी ऐकून होतो. तुळशीराम चाळीस वर्षं गावच्या नाटकात प्रॉम्प्टर. पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि नटाला वाक्य पुरवायचं.

"आमचा हिरो होता, त्याले अक्षर येत नव्हतं. पन काय काम करे, बाप्पा. मी वाचो, तो बोले. प्रॉम्प्टरनं कधी स्टेजवर पाय ठेवाचा नाई आन हिरोनं कधी वहीत पाहाचं नाई. तसंच या पोट्ट्यायचं. फोन धरनाऱ्यानं चिठ्ठी वाचाची नाई, वाचनाऱ्यानं फोनले हात लावाचा नाई. दोघायले दोघांची गरज. भांडन मिटलं."

"मग मॅडमसमोर का नाही करत असं?"

त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "पाव्हन्या बाई समोर बसल्या तर मधात बोलाचं काय? वाचनारे गप बसतात. मीच सांगितलं."

माझं डोकं धंद्याचं आहे. हिशेब तिथेच जुळला. आत चाचणी कोणाची चालली होती, फोन धरणाऱ्यांची. बाहेर वाचत कोण होतं, ज्यांची नावं यादीतच नव्हती ती मुलं.

उठून दार ठोठावायला हवं होतं. मी उठलो नाही. खरं ते लिहितो. मनात आलं, होऊ दे. या तज्ज्ञ लोकांपैकी कोणी एकदा आयांच्या समोर उभं राहू दे, जसा मी राहिलो होतो.

गोसीखुर्द

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला गेलो. मॅडमना धरणाजवळच्या एका पुनर्वसित गावातून फोन परत घ्यायचे होते.

गोसीखुर्दचं पाणी पहिल्यांदा बघताना मला नदी कुठे संपते ते कळेना. वैनगंगा तिथे नदी राहिलेली नाही. सकाळचं ऊन पाण्यावर आडवं पडलेलं, मधे वाळलेल्या झाडांचे शेंडे, त्यांच्यावर पाणकावळे, आणि खाली एक माणूस होडीतून त्या शेंड्यांना वळसे घालत जाळं काढत होता. "तेथी आमचं गाव होतं," आमच्याबरोबरच्या एका बाईने पाण्याकडे बोट केलं, जसं आपण रस्त्यापलीकडचं घर दाखवतो.

नवं गाव सरळ रेघांचं, आखून दिलेलं. इथल्या पालकांनी सभा घेऊन फोन परत करायचं ठरवलं होतं. वर्षभर खेळून मुलांचं वाचन सुधारलं नाही, हे त्यांना मॅडमनीच सांगितलं होतं. इथे फोन पुरेसे होते, प्रत्येक मूल एकटं खेळत होतं, आणि मुलांनी चिठ्ठी न वाचता अंदाजाने माल देण्याची युक्ती शोधली होती. पेटी परत देताना एका बापाने स्पष्ट सांगितलं, "तुमच्यावर राग नाई ताई. पन आमच्यावर आधीच लय लोकायनं प्रयोग केले." मॅडम मान हलवून ऐकत राहिल्या.

राग नाही म्हणाले ते खरं असावं, कारण जेवल्याशिवाय सोडलं नाही. धरणातली मासळी, जवस घालून केलेला दाट रस्सा आणि मोठ्या परातीत वाफाळता भात. आमच्याकडे भात शेवटी येतो, आमटीपुरता. इथे भाताच्या डोंगराला खड्डा करून त्यात रस्सा ओततात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. मी भाकरी आहे का विचारलं. वाढणारी म्हणाली, "बिमार हाव का भाऊ?"

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मॅडमनी वही चाळली आणि मिटली. मग त्यांनी सांगितलं. कालच्या चाचण्यांतही तेच. फोनवाल्या मुलांचं वाचन गेल्या वर्षी जिथे होतं तिथेच आहे. उद्या विहारात आयांची सभा आहे, फोन ठेवायचे की नाही ते ठरणार. इथूनही पेटी परत आली तर अभ्यास संपला. दुसरं गाव उरलेलं नाही.

"मग उद्या काय सांगणार?"

"आहे ते."

"अहो, धंद्यात कोणी मालाची खोट आधी सांगतं का? म्हणा की अजून सहा महिने लागतील."

"त्यांची मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "माझा धंदा त्यांच्या मुलांवर चालतो. खोट त्यांना आधी कळली पाहिजे."

ओट्यावर जे पाहिलं ते माझ्या जिभेवर होतं. जीपवाल्याने मधेच शिंगाडे घ्यायला गाडी थांबवली. काळे, उकडलेले, शिंगांचे. मी ते सोलत बसलो.

सभा

चौथ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी बाया विहारात जमल्या. काहींच्या कमरेला विळे होते, सभेनंतर थेट बांधीत जायचं म्हणून. सुजाताताईंनी वंदना घेतली आणि मॅडमना बोलायला सांगितलं.

मॅडम उभ्या राहिल्या नाहीत, बायांमध्ये खालीच बसल्या. त्यांनी काही झाकलं नाही. "मला वाटलं होतं, या खेळाने मुलं वाचायला लागतील. ज्यांना मी फोन दिले त्या मुलांची परीक्षा घेतली. ती मागे गेलेली नाहीत, पण पुढेही गेलेली नाहीत. माझा अंदाज चुकला. फोन ठेवायचे की नाही, तुम्ही ठरवा. मी रागावणार नाही."

यशची आई आधी बोलली. "मंग दोन वर्सं काहून खेळवलं जी? आमचे पोट्टे रिकामे बसले का?"

"हो. ती चूक माझी."

"घेऊन जा मंग तुमचे फोन."

दोघी-तिघींनी माना हलवल्या. सुजाताताईंचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. मला माझी शेड आठवली, चपला आठवल्या. फरक एवढाच होता की त्या दिवशी मी शिव्या देत होतो आणि ही बाई हो म्हणत होती. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते समोर घडत होतं आणि मला त्याचा काडीचा आनंद होत नव्हता. बोलावं म्हणून मी घसा साफ केला.

माझ्या आधी रंजनाबाई बोलली. ती दाराशी बसली होती.

"फोन नेऊ नका."

"काहून?" सुजाताताईंनी विचारलं.

"माई पोरगी वाचते."

"पायलले कोठी फोन आहे?" यशची आई म्हणाली. "यादीत नाव नाई तिचं."

"नाई ना. फोन तुया पोराच्या हातात राह्यते, वाचते माई पोरगी. आता घरी काई कागद ठेवत नाई. बँकेचा कागद येऊ दे, दवाखान्याची चिठ्ठी येऊ दे, औषिधाची डबी. उभ्या उभ्या वाचते. पह्यले शाळेचं पुस्तक दिलं तं रडे."

दुसरी म्हणाली, "आमचीबी वाचते. एसटीचा बोर्ड दुरून वाचते."

तिसरी, चौथी. ज्यांच्या मुलांना फोन मिळाला नव्हता त्या सगळ्या बोलायला लागल्या. मॅडम एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. मग हळूच विचारलं, "हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?"

रंजनाबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमी फोनवाल्या पोरायचंच पुसत होत्या ना बाई. आमाले कोनं पुसलं?"

मग तुळशीरामांना बोलावलं, त्यांनी नियम सांगितला, पाहुण्यांसमोर गप्प बसायचा आदेशही सांगितला आणि वर म्हणाले, "पोरायनं मान राखला तुमचा." मॅडम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मी सुचवलं की आत्ताच पायलला उभी करा आणि सगळ्यांसमोर वाचायला लावा, माल दाखवला की सौदा पक्का. मॅडमनी ठाम नकार दिला. मुलीला चारचौघांत उभं करून परीक्षा घ्यायची नाही, म्हणाल्या. वाचणाऱ्या मुलांना एकेक करून आत बोलावलं, दार लावलं, आणि बांधीतलं काम थांबवून बाया ओट्यावर बसून राहिल्या. दार उघडलं तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पण त्यांनी आधी रंजनाबाईला बाजूला नेलं आणि तिच्या मुलीने काय काय वाचलं ते सांगितलं. रंजनाबाई म्हणाली, "मले माहीत हाय," आणि विळा घेऊन शेतावर गेली.

फोन राहिले. एका अटीवर, आणि ती यशच्या आईने घातली. उद्यापासून पाळी बदलायची. धरणाऱ्याने वाचायचं, वाचणाऱ्याने धरायचं.

संध्याकाळी सुजाताताईंच्या अंगणात मी मॅडमना सांगून टाकलं. परवाच मला दिसलं होतं, आणि मी मुद्दाम गप्प बसलो. का बसलो तेही सांगितलं, शेडपासून चपलांपर्यंत. आवाज चढला असावा, कारण सुजाताताई लाखोरीचे वडे तळता तळता झारा हातात घेऊन दारात आल्या.

मॅडम रागावल्या होत्या, ते दिसत होतं. मग त्यांनी वही ओढली.

"कुठे बसून पाहिलंत?"

"मागच्या ओट्यावर. खिडकीखाली."

"पायल कोणत्या बाजूला होती? चिठ्ठी मोठ्याने वाचत होती की कुजबुजत?"

मी सांगत गेलो. ओट्यावरचं सांगून संपल्यावर त्यांनी माझ्या शेडबद्दल विचारलं. मशीनपुढे कोण बसायचं, मागे कोण उभं राहायचं, पडद्यावरचं इंग्रजी कोण वाचून ओरडायचं. मागचे, मी म्हटलं, ज्यांच्याकडे पैसे नसायचे ते. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. वडे गार झाले.

निघायच्या दिवशी

निघायच्या आधी आम्ही विहारात डोकावलो. शाळेला सुट्टी होती, मुलं सकाळीच जमली होती. नव्या पाळीवर यश नाराज होता.

"हे काई बरोबर नाई. मले फोन चालवता येते, तिले नाई येत."

"आन मले वाचता येते, तुले नाई येत," पायल म्हणाली. "बस आता."

तो हात मागे बांधून बसला. पायलने फोन धरला, मॅडमपेक्षाही वाईट धरला. पहिली चिठ्ठी आली. पायलने नियमाप्रमाणे मान फिरवली, खिडकीबाहेर धानाच्या पुंजण्याकडे, म्हणजे गंजीकडे, बघत बसली. यश अक्षरावर अक्षर ठेवत होता. "जव... जवस..." गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. पायलला एका नजरेत चिठ्ठी वाचता आली असती. तिने नजर वळवली नाही. मी तिच्या जागी असतो तर फोन हिसकावून घेतला असता. आयुष्यभर मी तेच केलं आहे.

जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मॅडमनी वही उघडलीच नव्हती.

तिसरं गिऱ्हाईक गेलं. "जाऊ दे," पायल बाहेर बघतच म्हणाली. "आनखी येते."

चौथी चिठ्ठी आली. यशने श्वास घेतला, ओठ हलवले, थांबला, परत सुरुवातीपासून गेला. "एक... पाव... लाखोरी डाळ." मग घाईने, "भरडलेली नोको."

पायलने मान वळवली आणि चाचपडत अंगठा खाली आणला.